राठोड मॅडमच्या पेट्या

“भोयर, असाल तसे निघा. अप्पाजीले वाळवी लागली.”

राठोड मॅडमचा हा फोन आला तेव्हा मी बाभुळगावला सासुरवाडीत जेवायला बसलो होतो. हात खरकटा, म्हणून फोन स्पीकरवर. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. “कोन अप्पाजी? अन् कोन्या दवाखान्यात हायत?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “दवाखान्यात नाई मामाजी, खालच्या फळीवर हायत.” तेव्हापासून सासरी माझ्या नोकरीबद्दल कोणी चौकशी करत नाही.

नोकरी तशी सभ्य होती. लोहाऱ्याच्या एमआयडीसीकडे तोंड केलेली आमच्या विद्यापीठाची एक जुनी इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर ‘व्यक्तिगत व संस्थात्मक कागदपत्रे संग्रह’ अशी पाटी होती. जिल्ह्यातल्या गेलेल्या माणसांचे आणि बंद पडलेल्या संस्थांचे कागद गोळा करायचे, लावायचे, जपायचे आणि मागेल त्याला वाचायला द्यायचे, एवढंच काम. बाकी विद्यापीठ त्या खोलीला रद्दीखाना म्हणायचं. कंत्राटी सहायक म्हणून मी होतो आणि प्रमुख म्हणून राठोड मॅडम. आम्हा दोघांत मिळून एक पंखा होता, आणि तो कागद उडतात म्हणून बंद असायचा.

मॅडम मूळच्या फुलसावंगीकडच्या एका तांड्यातल्या. ठेंगण्या, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. जुन्या कागदांच्या गंजक्या टाचण्या काढून त्या लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत साठवायच्या. ती बरणी टेबलावर अशी दिमाखात असायची की पाहुणे तिला पुरस्कार समजत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर दुसऱ्यांचं धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरत. त्याचा त्यांना अभिमान होता. म्हणायच्या, “आमच्या बापजाद्याईनं दुसऱ्याच्या गोन्या वाहल्या, पन उघडून पाह्यल्या नाई. मी उघडून पाहतो, एवढीच आमच्या खानदानाची प्रगती.”

सकाळी त्या पेपर उघडत तो निधनवार्तेच्या पानावर. चहाचा घोट घेत घेत खुणा करायच्या. कोण शिक्षक होता, कोण सोसायटीचा सचिव, कोणी वाचनालय चालवलं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी घर आवरायला काढतात आणि रद्दीवाला दारात येतो, हे त्यांनी अनुभवाने हेरलं होतं. त्यामुळे तेरवीच्याच दिवशी त्या दारात हजर. घरच्यांना त्या विमा कंपनीच्या वाटायच्या, म्हणून पंगतीत आग्रह जरा जास्तच व्हायचा. जेवण झालं की त्या हळूच विषय काढायच्या, “बापूजीची पेटी कुठी हाय?” मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचे, कारण पेटीत फक्त कागद आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं आणि ही बाई त्यासाठी इतक्या लांबून आली, यावर विश्वास कोणाचाच बसायचा नाही.

अप्पाजी आले ते असेच. ते एका सहकारी जिनिंग संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी इतकी वर्षं ती संस्था चालवली की शेवटी संस्थेला त्यांच्याशिवाय चालता येईना आणि ती त्यांच्या आधीच गेली. मुलगा बंडूभाऊ मोठा शेतकरी, कापूस, तूर, सोयाबीन आणि एक पांढरी जीप. कागद द्यायला ते आनंदाने तयार झाले. फक्त म्हणाले, “थोडे आवरून देतो मॅडम, लय पसारा हाय. लॅमिनेशन करून आनू का?” मॅडमचा चेहरा पांढरा पडला. “भाऊ, लॅमिनेशन म्हंजे कागदाले जित्तेपनी प्लास्टिकात गाडनं हाय,” त्या म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी पेटी आपल्यासमोर जीपमध्ये चढवून घेतली.

आवरणं हा शब्द मॅडमच्या लेखी शिवी होता. माणसाने कागद ज्या क्रमाने ठेवले त्याच क्रमाने ते राहिले पाहिजेत, हा त्यांचा एकमेव धर्म. “कागद काय म्हनते ते कोनीबी वाचंल. तो कोनाच्या बाजूले बसला ते पाहा,” असं त्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. मग अप्पाजींची पेटी उघडून दाखवत. जिनिंग संस्थेच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त: सर्व ठराव सर्वानुमते मंजूर, सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. त्याला लागूनच, अप्पाजींनी स्वतःच्या हातांनी लावलेला पुढचा कागद: मोडलेल्या खुर्च्या दुरुस्त केल्याबद्दल सुताराचं बिल. विद्यार्थी हसले की मॅडम म्हणायच्या, “हसू नका. अप्पाजी इमानदार मानूस होता. बिल फाडून फेकलं नाई त्यानं.”

एकदा त्या भाचीच्या लग्नाला गावी गेल्या. तेवढ्यात इतिहासाचे एक प्राध्यापक आले आणि कमलबाईंच्या डब्यांवर त्यांची नजर गेली. कमलबाई म्हणजे दिग्रसकडच्या एका शाळेतल्या बाई. लग्न केलेलं नाही, पुढे-मागे कोणी नाही. त्यांचे कागद आले होते गोड्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यांतून. प्राध्यापकांना त्या गोंधळाची कीव आली. त्यांनी निःस्वार्थ भावनेने सगळे कागद तारखेप्रमाणे लावले, ज्यांना तारीख नव्हती त्यांचा ‘इतर’ नावाचा गठ्ठा केला आणि नवी कोरी कव्हरं घातली. मी अडवून पाहिलं, पण कंत्राटी माणसाने प्राध्यापकाला अडवणं म्हणजे पंख्याने पावसाला अडवणं.

मॅडम परत आल्या, त्यांनी प्राध्यापकांचे गोड शब्दांत आभार मानले, चहा पाजला, दारापर्यंत सोडलं. आणि मग डबे आले त्याच दिवशी काढून ठेवलेले फोटो समोर मांडून एकेक कागद परत डब्यात लावायला बसल्या. ‘इतर’च्या गठ्ठ्यात एसटीचं एक जुनं तिकीट होतं, तारीख पुसलेलं. ते हातात घेऊन मला म्हणाल्या, “हे कुठी होतं माहीत हाय? एक पोरगी शाळेत येनं बंद झाली म्हून हेडमास्तरनं ‘नाव कमी करा’ लिहलं, त्या कागदाच्या घडीत. नाव कमी नाई केलं बाईनं. तिकीट काढून त्या पोरीच्या घरी गेली. आता हे तिकीट इतरमंधी टाकलं त बाई कुठीच गेली नाई.” तिकीट त्यांनी परत त्या घडीत ठेवलं. कमलबाईंना त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. सगळ्या पेट्यांना त्या मानाने अप्पाजी, मास्तर, काकासाहेब म्हणत. कमलबाईंच्या डब्यांना मात्र, आसपास कोणी नसताना, याडी म्हणत. गोरबोलीत याडी म्हणजे आई.

माणसांच्या नावांनी पेट्यांना हाक मारण्याची ही सवय लागली कशी, त्याचं मूळ बंडूभाऊंमध्ये आहे. अप्पाजींच्या पहिल्या वर्षश्राद्धाला ते सहकुटुंब विद्यापीठात अवतरले. नारळ, हार, अगरबत्ती आणि ताटभर पुरणपोळ्या. “अप्पाजीचं दर्शन घ्याचं हाय,” म्हणाले. मॅडम दारात आडव्या झाल्या. कागदांच्या खोलीत विस्तव म्हणजे त्यांच्या काळजाचा ठोका चुकायचा. बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरलं ते असं: नारळ बाहेरच्या पायरीवर, अगरबत्ती मुळीच नाही, हळदकुंकू नाही, फुलं टेबलावर पण पेटीपासून हातभर लांब. हात जोडायला बंदी नाही. बंडूभाऊंच्या आईने पेटीवरून हात फिरवला आणि ती म्हातारी हमसून रडली. मॅडमनी तिला खुर्ची दिली, पेटीतला अप्पाजींच्या हातचा एक कागद काढून वाचून दाखवला. तो खताच्या भावाबद्दल होता. म्हातारी म्हणाली, “असेच बोलत जाय ते.”

बातमी पसरली आणि दुसरी घराणीही तिथीला येऊ लागली. मॅडम कुरकुरायच्या, पण कोणाची तिथी कधी हे त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, आणि आदल्या दिवशी मला सांगायच्या, “उद्या मास्तरचे घरचे येतेत, मास्तरले खाली काढून ठेवा.” पुरणपोळ्या आम्ही व्हरांड्यात जाऊन खात असू. त्या दिवसांत खोलीत वाचायला विद्यार्थीही येत, दर्शनाला घरचेही येत आणि दोघांचं एकमेकांना काही खटकत नसे.

मग वरून फर्मान आलं. मूल्यांकन समिती येणार होती आणि उपकुलसचिव साहेबांना तळमजल्यावर नवोपक्रम केंद्र हवं होतं. सर्व कागद एका कंपनीकडून स्कॅन करून घ्यायचे आणि मूळ प्रती निविदा काढून रद्दीत द्यायच्या, असा आधुनिक बेत. मॅडमनी साहेबांसमोर ते एसटीचं तिकीट ठेवलं. साहेबांनी ते उलटसुलट पाहून विचारलं, “हे स्कॅन होत नाही का?” मॅडम म्हणाल्या, “होते साहेब. पन घडीत होतं हे स्कॅन होत नाई.” साहेबांनी टिपणी ठेवायला सांगितलं. मॅडमनी टिपणी ठेवली, स्मरणपत्रं ठेवली, आणि ती सगळी, जशी विद्यापीठात जातात तशी, योग्य त्या फायलीत गेली. त्या दिवसांत मॅडम जेवायच्या नाहीत. हे कागद गेले तर आपण गेलो, असं त्यांनी मला सरळ सांगितलं, आणि त्यांच्या तोंडून असं वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

एके दिवशी त्या कॅलेंडरसमोर उभ्या होत्या आणि एकाएकी हसल्या. मग खुर्चीत बसून एकेका घराला फोन लावू लागल्या. “बंडूभाऊ, अप्पाजी आता रद्दीत जाऊन राह्यले. अमुक तारखेले या, शेवटचं दर्शन घेऊन घ्या.” तारीख अर्थातच समितीची.

त्या दिवशी काय झालं ते आजही विद्यापीठात सांगतात. सकाळपासून जीपा, ऑटो, एक ट्रॅक्टर. डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, खांद्यावर नातवंडं घेतलेले म्हातारे. एका घराण्याने तर भजनी मंडळ आणलं होतं. समितीचे अध्यक्ष बाहेरच्या राज्यातले, मोटारीतून उतरले तर समोर टाळमृदंग आणि तळमजल्याच्या पायरीवर नारळांचा खच. बंडूभाऊंच्या आईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “साहेब, आमच्या मानसाले इकू नका.” अध्यक्षांना मराठी येत नव्हतं, पण त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी वळून विचारलं की हे काय आहे. उपकुलसचिव साहेब क्षणभर पांढरेफटक पडले, आणि मग त्यांना जे सुचलं त्याबद्दल मी त्यांना मनापासून दाद देतो. ते म्हणाले, “सर, हा आमचा समाजाभिमुख उपक्रम आहे.”

अहवालात त्या खोलीवर एक अख्खा परिच्छेद आला. नवोपक्रम केंद्र वरच्या मजल्यावर गेलं. स्कॅनिंग कंपनी गेली, निविदा गेली. मूळ कागद वाचले. मॅडमनी त्या दिवशी मला स्वतःच्या पैशाने समोसे खाऊ घातले, तेही व्हरांड्यात.

पुढचं मात्र मॅडमच्या कॅलेंडरवर नव्हतं. उपक्रम म्हटला की त्याला निधी आला, निधी आला की फरशी आली. चकचकीत टाइल्स बसल्या, भिंतीवर अप्पाजी, मास्तर, काकासाहेब यांचे हार घातलेले फोटो लागले, दारात ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी आली. कमलबाईंचा फोटो कुठे मिळाला नाही, म्हणून तिथली भिंत मोकळी राहिली. घराण्यांच्या प्रतिनिधींची एक समिती नेमली गेली, अध्यक्ष बंडूभाऊ. वाचायला येणारी मुलं दारातल्या चपला पाहून परत जाऊ लागली. तरी एक मुलगी आली, अप्पाजींची पेटी वाचली आणि तिने एका मासिकात छानसा लेख लिहिला. त्यात सर्वानुमते मंजूर ठराव होते आणि लागूनच सुताराचं बिल होतं.

बंडूभाऊ दुसऱ्याच दिवशी आले. चपला बाहेर काढून आले, पण आवाज चपला घातलेलाच होता.

“मॅडम, आमच्या अप्पाजीच्या सभेत खुर्च्या मोडल्या हे साऱ्या जगाले कायले सांगतलं?”

“भाऊ, ते बिल अप्पाजीनंच जपून ठेवलं. लपवाचं असतं त फाडलं नसतं काय?”

“ते त्याईनं घरच्या पेटीत ठेवलं.”

“वाचाले दिली नाई त पेटी कायच्यासाठी हाय?”

बंडूभाऊ टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता, आणि खरं तर तेच वाईट होतं. मग शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमीच त फोन केलता. तुमीच म्हनलं, कागद नाई जाऊन राह्यले, अप्पाजी जाऊन राह्यले. पेटी म्हंजे बापच हाय, हे तुमीच शिकवलं आमाले. मंग बापाचे खिसे कोनालेबी तपासू देऊ काय?”

मॅडमनी टेबलावरची बरणी जवळ ओढली. त्या बरणीतल्या टाचण्या हलवत राहिल्या. बंडूभाऊंनी आणलेला पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि पाया पडून गेले. पुढच्या बैठकीत समितीने सर्वानुमते ठराव केला: पेट्या फक्त तिथीला उघडाव्यात आणि त्याही फक्त घरच्यांसमोर. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली, खुर्च्याही शाबूत राहिल्या. मॅडमनी विरोध नोंदवला. त्यांना त्या बैठकीत मत नव्हतं.

वर्षभराने त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी त्यांना ‘या मंदिराच्या शिल्पकार’ म्हटलं. शाल, नारळ, आणि त्या खोलीचाच फ्रेम केलेला फोटो. उत्तरादाखल मॅडम दोनच वाक्यं बोलल्या: “कागद वाचवाचे होते, वाचले. आता कोनी ते वाचावेत, एवढंच राह्यलं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला राग आला, टाळ्यांचाही आणि थोडा मॅडमचाही, की इतकी हुशार बाई आपल्याच हुशारीत कशी सापडली. गाडीत बसताना मी तसं बोलूनही गेलो. “मंग काय करू भोयर?” त्या म्हणाल्या. “रद्दीत जाऊ देऊ? रद्दीतून परत आनता येत नाई. देवळातून येते, उशीर लागते.”

पुढे मला परीक्षा विभागात कायम जागा मिळाली. आमची खिडकी त्या खोलीच्या दारासमोरच उघडते. तिथीला जीपा येतात, नारळ फुटतात, पेट्या बाहेर निघतात, पुसल्या जातात, परत आत जातात. आत काय आहे हे कोणी वाचत नाही, आणि कागद मात्र उत्तम स्थितीत आहेत. वाळवीचा पत्ता नाही.

गेल्या महिन्यात दुपारी खिडकीतून पाहतो तर मॅडम. तीच सुती साडी, तेच कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. दारात एजन्सीचा नवा सुरक्षारक्षक बसला होता, धिप्पाड, मिशीवाला. त्याने मॅडमना कधी पाहिलेलं नव्हतं. त्याने पायांकडे बोट केलं. मॅडम पायरीवर बसल्या, सावकाश बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट रांगेत ठेवले. मी खुर्चीवरून उठलो आणि व्हरांड्यात आलो.

“दर्शन, का पेटी उघडनं?” त्याने विचारलं.

“उघडनं. कमलबाईचे डबे. आज तिथी हाय त्याईची.”

“मंग घरचे कुठी हायत? घरच्याईशिवाय उघडता येत नाई.”

“त्याईले घरचं कोनी नाई.”

तो अडचणीत पडला. नियमाचा कागद त्याने वरून खालपर्यंत पाहिला. “तुमी कोन लागता त्याईच्या?”

आता मॅडम सांगतील की हा सगळा विभाग मीच उभा केला, असं मला वाटलं. मी सांगायला निघालोही होतो. त्यांनी लांबूनच मला हाताने थांबवलं.

“वाचक,” त्या म्हणाल्या.

त्याच्या कागदावर मुलगा, मुलगी, सून, नातू असं सगळं असावं, हे नसावं. तो मिशीवरून बोट फिरवत त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मॅडम अनवाणी, त्या चकचकीत फरशीच्या अलीकडे, पिशवी छातीशी धरून उभ्या.

“सख्ख्या का दूरच्या?”

“सख्ख्या.”

त्याने कमरेची किल्ली काढली.